उलट्या वेढ्याची कलमं

५ जुलै १९९८, रविवार

शमे,

आशीर्वाद आहेतच, ते भांडणाने आटत नाहीत. खुशाली शेवटी लिहीन. आधी मुद्द्याचं.

गेल्या आठवड्यात घरी येऊन तू म्हणालीस, "आई, तिसऱ्या दिवशी पळून आलीस आणि माझी मान खाली घातलीस." यातलं अर्धं खरं आहे. तिसऱ्या दिवशी आले हे खरं. पण पळून नाही, चालत आले. लोट्याच्या नाक्यावर उभी राहिले, चिपळूणची गाडी मिळाली, पुढे रत्नागिरीची मिळाली आणि खिडकीजवळ जागाही मिळाली.

तुझ्या कंपनीच्या गेस्ट हाउसात वाईट काही नव्हतं. जेवण चांगलं, पंखा डोक्यावर, युनिफॉर्मची साडी नवी कोरी. तू किती जणांच्या हातापाया पडून मला तिथे चिकटवलंस ते मला ठाऊक आहे. पण ऐक. पहिल्या दिवशी सकाळी मी फरशी पुसली. दुपारपर्यंत तिच्यावर कोणी चाललं नाही. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, परत पुसा. मी म्हटलं, बाई, मळलीच नाही अजून. त्या म्हणाल्या, ते तुम्ही बघायचं नाही, वेळ झाली की पुसायचं. तीन दिवसांत नऊ वेळा पुसली. नवव्या वेळी त्या फरशीत माझं तोंड दिसलं आणि ते मला आवडलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नकोस.

तू रागाने पिशवी उलटी करून कपडे कोंबत होतीस तेव्हा एक छापील कागद खाली पडला. 'कामातील समाधान वाढवण्याचे दहा मार्ग.' पुण्याहून कोणी साहेब येऊन तुम्हाला हे शिकवून गेला म्हणे. मी तो दोनदा वाचला. तुझी आई सातवी पास आहे हे विसरू नकोस. नववा मार्ग आहे, सहकाऱ्यांकडे पाहून हसा. हे मी नर्सरीतल्या सगुणाला वाचून दाखवलं तर ती मेली दिवसभर माझ्याकडे बघून दात काढत होती. तिसरा मार्ग मात्र बरा वाटला. आपल्या कामात नवे काही शिका.

कारण जाताना उंबऱ्यात उभी राहून तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "भर आयुष्यभर माती. तुला दुसरं येतंय काय?"

सोळा वर्षं परशुरामभाऊंच्या नर्सरीत मी पिशव्या भरते. लाल माती, शेणखत, पिशवी दोनदा जमिनीवर ठोकायची, ओळीत लावायची. दिवसाला तीनशे. ते मला येतं. दुसरं येतं का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल आई खजील झाली. मी विचार करत होते.

तुला नर्सरीतलं काम कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते. वाफ्यात आंब्याची कोय रुजते, तांबूस पानांचं रोप वर येतं. आम्ही बायका ते कोयीसकट उपटून मांडवात नेऊन देतो. तिथे पुरुष पाटावर बसलेले असतात. ते रोपाचा शेंडा छाटतात, मधोमध चीर देतात, हापूसची काडी दोन्हीकडून तासून त्या चिरेत बसवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून बांधतात. झालं कलम. मग ते परत आमच्याकडे येतं, पिशवीत लावायला, पाणी घालायला, जगवायला. आधीचं आमचं, नंतरचं आमचं, मधली पाच मिनिटं त्यांची. आणि गिऱ्हाईक येऊन विचारतं, भागोजीच्या हातची कलमं आहेत का.

परवा मी भागोजीला म्हटलं, मला बांधायला शिकवा. तो हसला नाही, हेच वाईट. समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मालन गो, ही सुरी हाय, विळी नाय. बायकांच्या हातचा कलम धरत नाय. माज्या बापसानं सांगितलान हाय."

त्याच्या बापसाला कोणी सांगितलं होतं ते विचारायचं राहिलं. पण मी ह्या पावसात कलम बांधणार आहे. तुला आधी कळवून ठेवते, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही.

खुशाली: गाय व्यायली, पाडी आहे. बाबांचा खोकला आहे तसा आहे.

आई

१६ ऑगस्ट १९९८

शमे,

मेली. एकोणीसच्या एकोणीस मेली.

वाफ्यातून वाकडी म्हणून फेकलेली रोपं मी पदरात घालून आणायची. मांडवात जमिनीवर पडलेल्या काड्या वेचायची. बाबांच्या दाढीचं जुनं ब्लेड. जेवणाच्या सुट्टीत भाकरी चार घासांत संपवायची आणि गोठ्यामागच्या फणसाखाली बसून बांधायचं. सगुणा वाटेवर राखण करायची, कोणी आलं की खोकायची. तिला इतका खोकला लागला की भाऊंनी तिला अडुळशाचा काढा दिला.

बाराव्या दिवशी काड्या काळ्या पडायला लागल्या. एकेक करून सगळ्या. मी रोज जाऊन बघत होते, जणू बघितल्याने हिरव्या होणार होत्या. शेवटची गेली त्या दिवशी मी दुपारी प्रत्येक पिशवी दोनदाऐवजी चारदा ठोकली.

चूक सगुणाने दाखवली. म्हणाली, "तुजी चीरच वाकडी जाते गो. फनस सोलतेस डाव्या हातान, मासळी साफ करतेस डाव्या हातान, मग हितंच कशाला उजवा घातलास मधी?"

मी विचारच केला नव्हता. सवयीने झालं. माझ्या आईने लहानपणी माझा डावा हात मोडला होता. म्हणजे हाड नव्हे, सवय. जेवायला उजवा, लिहायला उजवा, कुंकू लावायला उजवा. चारचौघांसमोर करायचं काम असलं की माझा उजवा हात आपोआप पुढे येतो. डाव्याला राहिली ती कोणी बघत नसताना करायची कामं. आणि कलम बांधणं हे मी मनातल्या मनात चारचौघांतलं काम धरलं होतं, फणसाखाली लपून करत होते तरी.

तुझंही लहानपणी तसंच होतं. ते जाऊ दे. ते आत्ता नको.

पुढच्या पावसाळ्यात डाव्या हाताने बांधीन. मधल्या काळात पेरूच्या फांद्यांवर चीर द्यायचा सराव करते आहे. बाबा म्हणाले, "झाडाचा काय गुन्हा?" त्यांना म्हटलं, तुम्ही भाताचं बघा.

गणपतीला तू येशील असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही. पण मोदकाचं पीठ दळून ठेवलं आहे, ते काही फक्त तुझ्यासाठी नाही.

आई

८ ऑगस्ट १९९९

शमे,

चौदा!

एकोणीसपैकी चौदा धरली. टोकाला इवलीशी तांबडी फूट आली आहे. सकाळी ती बघितली आणि मी फणसाखाली एकटीच बसून हसले. इतक्या वर्षांत हजारो कलमं मी पिशवीत लावली असतील, पण त्यांना फूट आली की मी म्हणायचे, आली. ह्या वेळी मी म्हटलं, माझी आली. फरक कळतो ना तुला? तुम्हाला दहा मार्ग शिकवणाऱ्या त्या पुण्याच्या साहेबाला हे माहीत असतं तर त्याने नऊ मार्ग खोडले असते.

डावा हात तीस-पस्तीस वर्षं मोकळा बसून होता, त्याला मी काही शिकवलंच नाही. ब्लेड हातात दिलं आणि चीर सरळ गेली. काडीची पाचर तासली तीही दोन्हीकडून सारखी. पट्टी गुंडाळली तेव्हा मात्र एक गंमत झाली, ती मला कळलीच नाही, भागोजीला कळली.

तो तंबाखू मळायला गोठ्यामागे आला आणि सगुणा नेमकी त्या वेळी खोकायची विसरली. तो माझ्या पिशव्यांजवळ बसला. एका कलमावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. म्हणाला, "ही पट्टी उलटी कोनी गुंडाळलान?"

मी म्हटलं, मी. आता ओरडेल, भाऊंना हाक मारेल, कलमं उपटून फेकील, म्हणून मी पिशव्यांच्या पुढे उभी राहिले. खरंच उभी राहिले, हात पसरून. तो खाली बसूनच राहिला. मग हळूच म्हणाला, "माजे डोळे गेले गो मालन. काडी नि रोप सारख्या जाडीची हायत का नाय, ता दिसत नाय आता. गेल्या साली निम्मी कलमं मेली. भाऊ म्हनाले हवा खराब होती. हवा काय खराब नव्हती."

शमे, हा माणूस मी रुजू झाले तेव्हापासून मांडवात मधोमध बसतो. मी त्याच्यावर किती वर्षं मनातल्या मनात चरफडले आहे. आणि तो बोटावरचा चुना जमिनीवर पुसत मला सांगत होता की त्याला दिसत नाही. मला त्याची दया आली आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदम.

त्याने विचारलं, माझ्यामागे बसून माझी कलमं बांधशील का? सुरी चांगली देतो, काडी कशी निवडायची ते शिकवतो. नाव माझं.

मी हो म्हटलं.

तुला चीड येईल. येऊ दे. मलाही रात्री भाकऱ्या थापताना आली. पण ते काम हातात मिळतंय म्हटल्यावर नाव कोणाचं लागतं हे बघायला मला सवड नव्हती. आता रोज दुपारनंतर मांडवाच्या मागच्या पडवीत बसते. काडी कधी पिकली हे भागोजी नुसतं बोटाने चाचपून सांगतो, अजून एकदाही चुकला नाही. मी बांधते. पट्टी मात्र माझ्या हाताला जाते तशीच जाते. तो म्हणाला, कोन बघतो.

तू उत्तर लिहीत नाहीस म्हणून मी थांबेन असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढ.

आई

२८ नोव्हेंबर १९९९

शमे,

बघितलं. उन्मेषने बघितलं.

उन्मेष म्हणजे भाऊंचा धाकटा. दापोलीहून शेतीचं शिकून आला आहे, वही घेऊन हिंडतो. आम्हाला अहो-जाहो करतो, त्यामुळे सुरुवातीला सगळ्या बायका मागे वळून बघायच्या की कोणाशी बोलतोय. गुरुवारी तो भागोजीच्या ओळींत उकिडवा बसून किती कलमं धरली ते मोजत होता. मोजता मोजता थांबला. एका पिशवीकडे बघितलं, दुसऱ्या पिशवीकडे बघितलं. मग उठून मांडवात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "भागोजी, तुमचा हात कधीपासून उलटा फिरायला लागला?"

भागोजीच्या ओळीत दोन तऱ्हेच्या पट्ट्या होत्या. सरळ वेढ्याची दहांतली पाच जगलेली, उलट्या वेढ्याची दहांतली आठ. उन्मेषला शाबासकी द्यायची होती, बिचाऱ्याला काय ठाऊक. भागोजी जमिनीकडे बघत बसला. मांडवात सुऱ्या थांबल्या. सगुणाने मला कोपराने ढोसलं. पण तिने ढोसायच्या आधीच मी उभी राहिले होते, हे तिला विचारून घे.

"तो हात माझा आहे," मी म्हटलं.

भाऊ ओटीवरून खाली आले. भाऊ वाईट नाहीत. तुला नववीत पुस्तकं त्यांनीच दिली होती. त्यांनी चार पिशव्या हातात घेऊन बघितल्या, आणि माझ्याकडे बघून चांगल्या आवाजात म्हणाले, "मालन, हात चांगला आहे तुझा. नाही म्हणत नाही. पण लोक कलम लावताना नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात. डाव्या हाताचं, त्यातून बाईच्या, असं कळलं तर कोण नेणार? बांध तू, पण मागेच बस. नाव भागोजीचं राहू दे. आणि ती पट्टी तेवढी सरळ फिरव."

मी म्हटलं, "भाऊ, पट्टी सरळच आहे. तुम्ही समोरून बघताय."

मांडवात कोणीतरी हसलं. ते हसणं नसतं तर कदाचित भाऊ विचार करते. ते म्हणाले, "मग पिशव्यांनाही येऊ नकोस."

"नाही येत."

टाकीवर हात धुतले, पदराला पुसले आणि निघाले. भागोजी काही बोलला नाही. त्याने तोंड उघडलं असतं तर त्याचंही गेलं असतं, हे मला कळतं, तरी मला ते लागलं. ओढ्यावरच्या साकवापर्यंत मी रडले नाही. साकवावर रडले. खोटं कशाला लिहू?

आता तुला बोलायला चांगली जागा मिळाली. पक्की नोकरी सोडून आलीस आणि कच्चीही घालवलीस. बोल. पण एक लक्षात ठेव, तुझ्या कंपनीतून मी आले कारण तिथे माझ्यावाचून काही अडत नव्हतं. इथून मी आले कारण अडतं, आणि तरी ते कबूल करत नाहीत. ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

आई

१६ जुलै २०००

शमे,

अंगणात माडाच्या झावळ्यांचा छोटा मांडव घातला आहे. बाबांनी मे महिन्यात गावभर हिंडून कोयी गोळा केल्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला आंब्याचं वेड लागलं. वर मला म्हणतात, "भात लावायला ये म्हनतो ता नको, नि हितं काड्या बांधीत बसलीस." आणि संध्याकाळी स्वतःच पाणी घालतात. ह्या पावसात साठ बांधली. काड्या सगुणाच्या माहेरच्या झाडाच्या.

हे सगळं लिहायला आज बसले नव्हते. दुसरंच लिहायचं आहे, आणि मी एक पान अंगणातच घोटाळले.

काल सगुणाचा अनिल आला होता, तुमच्या कंपनीत बॉयलरवर आहे तो. सहज बोलता बोलता म्हणाला, शमिका लॅबमध्ये डाव्या हाताने लिहिते. आधी घाईत आकडे मागेपुढे पडायचे, साहेब ओरडायचे. मग एक दिवस तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि सांगितलं, मी अशीच लिहिणार. आता चुका होत नाहीत, म्हणाला.

अनिल चहा पिऊन गेला. मी कप धुवायला घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले.

तू पहिलीत होतीस. पाटीवर डाव्या हाताने गिरवायचीस. तुझ्या मास्तरांनी काही म्हटलं नव्हतं. आजीने म्हटलं नव्हतं, ती तेव्हा नव्हतीच. मीच माझ्या जुन्या साडीचा काठ फाडला आणि तुझा डावा हात तुझ्या कमरेशी बांधला. शाळेत जाताना बांधायचे, आल्यावर सोडायचे. चार महिने. मनगटावर वळ उठला, त्याला खोबरेल लावायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बांधायचे. तू बोलताना अडखळायला लागलीस. मी गुरवाकडून अंगारा आणला. पट्टी सोडायचं मला सुचलं नाही.

तू विसरली असशील असं मी इतकी वर्षं धरून चालले. नाही, तेही खोटं. तू विसरली नाहीस हे मला माहीत होतं. मी डाव्या हाताचा विषय निघाला की चुलीत लाकूड सारायला उठायचे. गेल्या पत्रांतसुद्धा तेच केलं, काढून बघ.

माझं चुकलं, शमे. ह्याच्यापुढे 'पण' लिहिणार नाही.

आता दुसरी गोष्ट. ती वेगळी आहे, हिच्यात मिसळू नकोस. "तुला दुसरं येतंय काय" हे वाक्य तू परत घ्यायचं आहेस. मी माफी मागितली म्हणून मी खाली बसले असं समजू नकोस. माझ्या अंगणात साठ कलमं उभी आहेत. तू येऊन बघ, आणि मग उंबऱ्यात उभी राहून तेच परत बोलून दाखव. बोलता आलं तर मी उद्या तुझ्या गेस्ट हाउसात फरशी पुसायला येते.

आई

२० ऑगस्ट २०००

शमे,

गेल्या महिन्याच्या शेवटी उन्मेष आमच्या घरी आला. चिखलात बूट रुतवत, सोबत एक पाहुणा. हरिश्चंद्र म्हणून अंजनवेलकडचे बागायतदार आहेत. गेल्या वर्षी भाऊंकडून शंभर कलमं घेऊन गेले होते. ते अंगणात बसले नाहीत, थेट माझ्या मांडवात शिरले आणि वाकून पट्ट्या बघायला लागले. मग उन्मेषला म्हणाले, "हीच. ह्याच पट्टीची माझ्याकडे सगळी जगली. मला ह्याच हाताची पाहिजेत."

मी विचारलं, "हात डावा आहे. बाईचा आहे. चालेल का?"

ते म्हणाले, "बाई, समुद्राच्या वाऱ्यात झाड टिकलं पाहिजे. हात काय मला बागेत पुरायचाय?"

शमे, मला तिथल्या तिथे त्यांना पुरणपोळी करून घालावीशी वाटली. काळा चहा दिला, दूध फुटलं होतं.

उन्मेष म्हणाला, भाऊंनी बोलावलं आहे. मी म्हटलं, येईन, पण मी सांगते तसं असेल तर. माझा पाट मांडवात, पुढे, पुरुषांच्या रांगेत. मजुरी त्यांना तीच मला. माझ्या पिशव्यांची ओळ वेगळी, आणि कोणी विचारलं कोणाच्या हातची, तर माझं नाव सांगायचं, सगळं, हातासकट. आणि भागोजीला काढायचं नाही. काड्या तो निवडणार. त्याच्या बोटांना जे दिसतं ते तुमच्या दापोलीच्या पुस्तकाला दिसत नाही, हे मी उन्मेषला असंच्या असं बोलले. तो वहीत लिहून घेत होता! शेवटी पेन्सिल थांबवून म्हणाला, "आणि पट्टीचं भाऊंना काय सांगू?"

"सांगा, अजून सरळच आहे."

तीन दिवस काही निरोप नाही. बाबा म्हणाले, जास्त ताणलंस. मलाही रात्री तसंच वाटायचं, सकाळी वाटायचं नाही. चौथ्या दिवशी भाऊंचा गडी आला, डोक्यावर नवा फणसाचा पाट. भाऊ स्वतः आले नाहीत, चूक झाली असंही म्हणाले नाहीत. पाट मात्र चांगल्या लाकडाचा आहे.

मांडवात गेले तर पुरुष सरकायला तयार नाहीत. एकाने विचारलं, हितं कुठं बसनार? मी पाट हातात घेऊन उभी. मी म्हटलं, उभ्यानेही बांधीन, पण इथेच. तेवढ्यात भागोजी पलीकडून ओरडला, "सरका रे! हिला उजवीकडनं उजेड लागतो. हिच्या डाव्या हाताची सावली पडते नायतर." आणि स्वतःची मधली जागा सोडून बाजूला झाला. आता आम्ही शेजारी बसतो. तो चाचपून काडी देतो, मी बांधते. बायकांच्या हातचं कलम धरत नाही हे तो आता म्हणत नाही, म्हणतो, मालनचं धरतं. सगुणा म्हणाली, मग माजं का नाय धरणार? तिने आज पहिली चीर दिली. वाकडी गेली. मी तिच्याकडे पाहून हसले. नववा मार्ग.

तुझ्या खोलीमागे मोकळी जागा आहे असं अनिलकडून कळलं. अंगणातलं एक कलम तुझ्यासाठी बाजूला काढलं आहे. पाठवू का ते कळव. न कळवलंस तरी पाठवीन.

आई

१४ जानेवारी २००१, संक्रांत

शमे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. बाबांनी तीनदा वाचलं, मग मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून उलटं करून बघितलं.

पहिली ओळ: "साडी हिरवी होती ना?" दुसरी: "कलमाला माती कुठली घालतात?"

अक्षर सगळं डावीकडे कललेलं आहे. मी तुझं अक्षर ओळखलं नाही आधी. ते मी कधी बघितलंच नव्हतं.

साडी निळी होती, शमे. काठ हिरवा होता. पट्टी काठाची होती, म्हणून तुला हिरवं आठवतं. तुझं बरोबर आहे.

'परत घेते' असं कुठे लिहिलेलं नाही. पण माती कुठली घालायची हे तू मला विचारलंस, तेव्हा परत घेतलंस असं मी धरते. घेतलं नसशील तर तसं कळव, म्हणजे इथे ये आणि समोरासमोर भांडू. पत्रात माझी शाई जाते.

अनिलच्या हाती तिळगूळ आणि कलम देते आहे. बसमध्ये पायाशी ठेव म्हटलं आहे, टपावर नाही. जूनपर्यंत पिशवीतच ठेव, अर्ध्या सावलीत, दिवसाआड पाणी. मे महिन्यात खड्डा खणून उन्हात तापू दे. तुमच्याकडची वरची माती घेऊ नकोस, तिथे काय काय सांडलं असेल. मी इथली लाल माती गोणीत भरून पाठवीन. दोनदा ठोकून भरते, हलायची नाही. तेवढं मला येतं.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. कलमावरची पट्टी मी मुद्दाम ठेवली आहे, ती तू सोडायची. सांधा जुळला आहे, तिचं काम झालं. आता ठेवली तर खोडात रुतते, तिथे वळ पडतो आणि पुढे वाऱ्याला झाड नेमकं तिथेच मोडतं. हे मला कलमाच्या बाबतीत पहिल्याच वर्षी कळलं. तुझ्या बाबतीत कळायला उशीर झाला.

ब्लेड लावू नकोस, साल कोवळी आहे. वरच्या टोकाला गाठ आहे ती बोटांनी शोध. उजव्या हाताने ओढायला जाशील तर आणखी आवळेल, वेढे उलटे आहेत. डाव्या हाताने सोड. सहज सुटते.

आई